दवाखान्यातला कचरा : परवानगी कोणाची, जबाबदारी कोणाची?

मागच्या पंधरवड्यात धुळे-जळगाव रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका गावातील वाचकांचे पत्र आले. गावाचे नाव छापू नका असे त्यांनीच लिहिले आहे, म्हणून छापत नाही. ते लिहितात, “आमच्या शिवारात दवाखान्यांचा कचरा जाळण्याचा कारखाना येणार अशी बोलवा आहे. गावात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, चार पोरांना काम मिळेल. दुसरा म्हणतो, धुराने कपाशी करपेल आणि लेकराबाळांना कॅन्सर होईल. ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे. विरोध करावा की नाही? आणि डॉक्टरसाहेब, राग मानू नका, पण कचरा तुमचा आणि तो आमच्या शिवारात का?”

राग कसला मानायचा? प्रश्न रास्त आहे, आणि तो मला तीस वर्षांपूर्वी कोणी विचारला असता तर माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून आजच्या लेखाची सुरुवात मी माझ्याच दवाखान्यापासून करतो.

१९९६ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावी बारा खाटांचा माझा दवाखाना. त्या काळी वापरलेल्या सुया, रक्ताने भिजलेला कापूस, प्लॅस्टरचे तुकडे, इंजेक्शनच्या फुटक्या बाटल्या हे सगळे एका पत्र्याच्या डब्यात जमा होई आणि संध्याकाळी तो डबा गल्लीच्या टोकाशी असलेल्या नगरपालिकेच्या कुंडीत रिकामा होई. सलाईनच्या बाटल्या मात्र कुंडीत जात नसत. त्या भंगारवाला किलोवर नेई आणि त्या पैशात स्टाफचा चहा निघे. रंगपंचमीच्या आधी कुंडीभोवतीची पोरे सिरिंजा वेचून नेत, पिचकाऱ्या करायला. मी त्यांना रागावून हाकलल्याचे मला आठवते. त्या सिरिंजा तेथे गेल्या कशा, हे मात्र मी स्वतःला विचारले नाही. आजूबाजूला सर्वत्र हेच चालत होते.

आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशींना एके दिवशी डबा उचलताना सुई टोचली. “काई नई डॉक्टरसायेब, सुई लागनी फक्त,” म्हणून त्यांनी बोटावर हळद दाबली आणि त्या कामाला लागल्या. मीही धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन विषय संपवला. अडीच महिन्यांनी त्यांचे डोळे पिवळे झाले. रक्त जळगावला पाठवले. कावीळ ‘ब’ निघाली. मावशी तीन महिने अंथरुणाला खिळून होत्या. सहा महिन्यांनी तपासणी निगेटिव्ह आली. मोठ्या वयात होणारी ही कावीळ शंभरातील सुमारे पंच्याण्णव जणांच्या शरीरातून आपोआप निघून जाते, उरलेल्यांच्या लिव्हरमध्ये ती ठाण मांडून बसते. मावशी पंच्याण्णवांत निघाल्या, यात माझी हुशारी काही नव्हती. ती सुई कोणत्या रुग्णाला टोचलेली होती, ते आजतागायत कळलेले नाही.

दूषित सुई टोचल्यास धोका किती, हे वैद्यकशास्त्राने मोजले आहे. लस न घेतलेल्या माणसाला कावीळ ‘ब’ होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत, कावीळ ‘क’ची शंभरात दोन-तीन, आणि एच.आय.व्ही.ची हजारात तीन. लोक एच.आय.व्ही.ला घाबरतात आणि काविळीला साधी समजतात, प्रत्यक्षात सुईपुरता हिशेब उलटा आहे. ‘ब’ काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही निदान सात दिवस तग धरतो. मावशींच्या वेळी या काविळीची लस परदेशी व महाग होती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली आणि मग किंमत आवाक्यात आली. आज दवाखान्यात कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही लस देणे मालकावर बंधनकारक आहे. तीन डोस असतात, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा.

दूषित सुयांचा प्रश्न मावशींपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे एकट्या २००० सालात दूषित सिरिंजांच्या इंजेक्शनांमुळे जगभरात २ कोटी १० लाख लोकांना कावीळ ‘ब’चा, २० लाखांना ‘क’चा आणि २ लाख ६० हजारांना एच.आय.व्ही.चा संसर्ग झाला. आपल्या शेजारच्या गुजरातेत, साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा येथे (हा भाग आता अरवली जिल्ह्यात येतो) २००९ च्या सुरुवातीला काविळीची जी साथ आली, तिच्या मुळाशी वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरणे हेच होते. कित्येक माणसे दगावली. पुढे छापे पडले तेव्हा वापरलेल्या सिरिंजांचे साठे सापडले. म्हणजे कचरा नुसता पडून राहत नाही. त्याला गिऱ्हाईक असते.

कायदा आला कसा

सर्वोच्च न्यायालयाने डॉ. बी. एल. वढेरा यांच्या याचिकेवर मार्च १९९६ मध्ये दिल्लीच्या घाणीविषयी निकाल दिला. त्यात ५० किंवा अधिक खाटांच्या रुग्णालयांनी इन्सिनरेटर, म्हणजे कचरा जाळण्याची भट्टी, बसवावी असा आदेश होता. हेतू चांगला होता. पण माझे स्पष्ट मत असे की ‘दवाखान्याचा कचरा म्हणजे जाळायचा’ ही समजूत तेव्हापासून घट्ट झाली आणि तिचा त्रास आपण पुढे बराच काळ भोगला. रुग्णालयाच्या आवारात बुटक्या धुराड्याची भट्टी, तिच्यात सलाईनच्या नळ्यांसकट सगळे, आणि तापमान किती ते पाहणारे कोणी नाही, अशी स्थिती अनेक ठिकाणी होती.

२० जुलै १९९८ रोजी केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ याखाली जैव-वैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम काढले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होती. माझ्यासारख्या ५० खाटांखालच्या दवाखान्यांना ३१ डिसेंबर २००२ पर्यंत मुदत मिळाली. आम्ही तिचा पुरेपूर उपयोग केला, म्हणजे शेवटच्या महिन्यापर्यंत काही केले नाही. महिन्याला हजाराहून कमी रुग्ण तपासणाऱ्या लहान दवाखान्यांना तर त्या वेळी परवानगी घेण्यातूनच सूट होती.

२८ मार्च २०१६ रोजी नवे नियम आले आणि ती सूट गेली. आज हे नियम मोठ्या रुग्णालयांना, एका खोलीच्या दवाखान्याला, आयुर्वेद-होमिओपॅथीच्या रुग्णालयाला, पॅथॉलॉजी लॅबला, रक्तपेढीला आणि गुरांच्या दवाखान्यालाही लागू आहेत. शाळेतील प्रथमोपचाराची खोली यात येते. गणेशोत्सवात मंडळे भरवतात ती रक्तदान शिबिरे आणि लसीकरणाची शिबिरेसुद्धा येतात. मंडळांच्या कार्यकर्त्यांना हे सहसा ठाऊक नसते. शिबिर संपल्यावर रक्ताचा कापूस आणि सुया कोण नेणार, हे रक्तपेढीला आधी विचारून घ्यावे.

कोणाला वाटेल, या भानगडी आपल्याच देशात. तसे नाही. १९८७ व १९८८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत न्यू जर्सी व न्यूयॉर्कच्या समुद्रकिनाऱ्यांवर सिरिंजा वाहून आल्या, पर्यटकांनी किनारे सोडले, आणि लोकांच्या संतापामुळे १९८८ च्या अखेरीस तेथे दवाखान्याच्या कचऱ्याचा माग ठेवणारा पहिला केंद्रीय कायदा झाला.

चार रंग

दवाखान्यातून निघणाऱ्या कचऱ्यापैकी साधारण ८५ टक्के कचरा घरच्यासारखाच असतो. केळीची साले, औषधांची खोकी, चहाचे कप. धोक्याचा भाग १५ टक्के. पण तो १५ टक्के एकदा त्या ८५ मध्ये मिसळला की सगळाच धोक्याचा होतो. म्हणून सगळ्या नियमांचा पाया म्हणजे कचरा जेथे निर्माण होतो तेथेच, त्याच क्षणी वेगळा करणे.

पिवळ्या पिशवीत शरीराचे अवयव, वार, रक्ताचा कापूस व पट्ट्या, प्लॅस्टर, मुदत संपलेली औषधे जातात. ही पिशवी भट्टीत जाते. लाल पिशवीत प्लॅस्टिक जाते : सलाईनच्या नळ्या व बाटल्या, कॅथेटर, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंजा. ही पिशवी जाळायची नाही. तिच्यातील माल ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, वाफेने निर्जंतुक करून, तुकडे करून नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याला द्यायचा. पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात सुया व ब्लेड. निळ्या खोक्यात काचेच्या बाटल्या, अँप्यूल.

लाल आणि पिवळे यांची अदलाबदल झाली तर काय होते, हे पत्रलेखकांच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. नळ्या व जुन्या पद्धतीच्या पिशव्या पी.व्ही.सी. नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. त्यात क्लोरिन असतो. तो कमी तापमानात जळला की डायॉक्सिन व फ्युरान नावाची विषे तयार होतात. त्यातले सर्वांत जहाल डायॉक्सिन माणसात कॅन्सर घडवते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच जाहीर केले आहे. तेव्हा गावातील दुसऱ्या तटाची भीती निराधार नाही. फक्त तिचा पत्ता थोडा चुकला आहे. कपाशी करपण्याची चिंता मी करणार नाही. डायॉक्सिन धुराबरोबर गवतावर व कडब्यावर बसते, तेथून गुरांच्या चरबीत आणि दुधात उतरते, आणि माणसाच्या पोटात ते मुख्यतः अन्नातून, दूध-मांस-मासळीतून जाते. म्हणजे लक्ष ठेवायचे ते चाऱ्यावर आणि दुधावर.

आणि याची सुरुवात कारखान्यात होत नाही. ती माझ्या ड्रेसिंग रूममध्ये होते, जेव्हा घाईत असलेली सिस्टर लाल पिशवीतले पिवळीत टाकते.

माझ्या दवाखान्याला कोणते कागद लागतात

परवानगी देणारे खाते म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. त्याचे प्रादेशिक कार्यालय नाशिकला, उपप्रादेशिक कार्यालय जळगावला. दवाखान्याने तेथे अर्ज करून प्राधिकारपत्र घ्यायचे, ज्याला सगळे ऑथोरायझेशन म्हणतात. खाटा नसलेल्या दवाखान्याला ते एकदाच घ्यावे लागते. खाटा असतील तर पाणी व हवा प्रदूषणाच्या कायद्यांखालील संमतीपत्रही लागते आणि दोन्हींची मुदत एकत्र चालते. त्याशिवाय सामायिक कारखान्याशी करार, रोजच्या वजनाची नोंदवही, पिशव्यांवर बारकोड, कामगारांचे लसीकरण व प्रशिक्षण, आणि दर वर्षी ३० जूनपर्यंत मागील वर्षाचा अहवाल. कोणाला सुई टोचली तर तिचीही नोंद त्या अहवालात करावी लागते. नोंदी पाच वर्षे जपायच्या.

माझे स्वतःचे प्राधिकारपत्र एकदा मुदत संपूनही सात महिने तसेच राहिले होते. नोटीस आली तेव्हा कपाटात शोधाशोध केली. कचरा रोज जात होता, पैसे भरत होतो, तेव्हा कागदाचे काय एवढे, असे मी तेव्हा म्हणालो. आता तसे म्हणणार नाही. कारण कागद संपला की दवाखान्याची तपासणीच्या यादीतील जागाही सरकते, आणि पिशव्यांचा हिशेब घेणारे कोणी उरत नाही.

आणखी एक महत्त्वाचा नियम. ७५ किलोमीटरच्या आत सामायिक कारखान्याची सोय असेल तर कोणत्याही रुग्णालयाने स्वतःची भट्टी किंवा प्रक्रिया उभारायची नाही. आवारातल्या त्या बुटक्या धुराड्यांवर हाच उपाय होता. आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांहून जास्त साठवायचा नाही. त्यामुळे कारखान्याच्या गाडीने सुट्टीच्या दिवशीसुद्धा यायला हवे. एका पावसाळ्यात आमच्याकडे लागोपाठ चार दिवस गाडी आली नव्हती. वास मारू लागल्यावर शेजाऱ्यांनी विचारले, “डॉक्टर, काय मेले आहे?” मी लेखी तक्रार केली, पाचव्या दिवशी गाडी आली. एका परिघात सहसा एकच कारखाना असल्यामुळे आम्हा डॉक्टरांना दुसरीकडे जाण्याची सोय नसते. या व्यवस्थेतील हा कच्चा दुवा आहे आणि त्यावर केवळ देखरेख हाच उपाय दिसतो.

कारखान्याच्या परवानग्या

आता ग्रामसभेचा विषय. आपल्या देशात रोज सुमारे ७०० टन जैव-वैद्यकीय कचरा निघतो आणि त्यासाठी दोनशेहून अधिक सामायिक कारखाने आहेत. असा कारखाना कोणी मनात आणला म्हणून उभा राहू शकत नाही. पहिली पायरी म्हणजे त्याची गरज. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका कारखान्याने ७५ किलोमीटरच्या परिघातील १०,००० खाटांपर्यंतचे काम करावे. तेवढ्या खाटा नसतील तर परीघ १५० किलोमीटरपर्यंत वाढवता येतो, मात्र ४८ तासांची अट पाळली गेली पाहिजे. जळगाव ते धुळे रस्त्याने नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे, यावरून आपल्या भागात हा परीघ कसा पडतो याची कल्पना यावी. असलेली सोय अपुरी आहे की नाही, याचा हिशेब राज्याच्या मंडळाने करायचा असतो. तेव्हा ग्रामसभेने पहिला प्रश्न हाच विचारावा, की हा हिशेब झाला आहे का आणि तो कोठे पाहायला मिळेल?

दुसरी पायरी जागेची. शक्यतो अधिसूचित औद्योगिक क्षेत्रात जागा घ्यावी, तेथे वेगळ्या अंतराची अट नाही. औद्योगिक क्षेत्राबाहेर असेल तर वस्ती व संवेदनशील ठिकाणांपासून शक्यतो ५०० मीटर अंतर हवे. जमीन किमान एक एकर. ‘शक्यतो’ या शब्दावर बोट ठेवा. जागा मिळत नसेल तर जादा उपाययोजना करायला लावून मंडळ हे अंतर कमी करू शकते. पत्रात शिवार लिहिले आहे, औद्योगिक वसाहत नव्हे. म्हणून गट नंबर काढून, शेवटच्या घरापासून, शाळेपासून आणि पिण्याच्या विहिरीपासून टेप लावून मोजा. तोंडी अंदाज नको.

तिसरी पायरी पर्यावरण मंजुरीची. एप्रिल २०१५ पासून अशा कारखान्यांना ती लागते आणि तिचा निर्णय राज्यस्तरीय प्राधिकरण घेते. चौथी, पाणी कायदा १९७४ व हवा कायदा १९८१ यांखाली मंडळाचे उभारणीसाठीचे संमतीपत्र. हे मिळण्याआधी पायासुद्धा खणता येत नाही. पाचवी, उभारणीनंतर चालवण्याचे संमतीपत्र आणि कचऱ्याचे प्राधिकारपत्र. सगळे कागद सरकारी कार्यालयांत असतात आणि माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात.

भट्टी बरोबर चालते की नाही, हे सामान्य माणसाला कसे कळावे? आकडे सोपे आहेत. पहिल्या कप्प्यात किमान ८०० अंश सेल्सिअस. तेथून निघणारा वायू दुसऱ्या कप्प्यात १०५० अंशांना निदान दोन सेकंद राहिला पाहिजे. १९९८ च्या नियमांत एकच सेकंद होता. धुराडे जमिनीपासून ३० मीटर, म्हणजे साधारण दहा मजली इमारतीएवढे. धुराची तपासणी तीन महिन्यांतून एकदा, डायॉक्सिनची वर्षातून एकदा. शिवाय धुराचे मोजमाप करणारे यंत्र चोवीस तास जोडलेले हवे. चांगल्या चाललेल्या भट्टीचा धूर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. काळा धूर दिसला तर वेळ व तारीख लिहून फोटो काढून ठेवा. राख शेतात टाकायची नाही, विटांसाठी द्यायची नाही. ती तपासून घातक कचऱ्याच्या ठरलेल्या भूमिभरावावर जायला हवी. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे तशी ठिकाणे आहेत. गाड्या धुतल्याचे पाणी नाल्यात न जाता स्वतंत्र शुद्धीकरणातून गेले पाहिजे. आपल्याकडे उन्हाळ्यात काळी जमीन हातभर भेगाळते. तेथे वरून सांडलेले पाणी किती लवकर खाली जाते, हे शेतकऱ्याला मी सांगायला नको.

परवानगी असूनही प्रश्न उरतो, याचे उदाहरण मुंबईत आहे. गोवंडीच्या दाट वस्तीशेजारी अशी भट्टी वर्षानुवर्षे चालली. धूर आणि श्वासाच्या तक्रारी घेऊन रहिवासी उच्च न्यायालयात गेले, आणि २०२३ मध्ये न्यायालयाने ती दोन वर्षांत रायगड जिल्ह्यात खालापूर भागात हलवण्यास सांगितले. म्हणजे मुंबईतून निघून ती आणखी कोणाच्या तरी शिवारात जायची. यातून आपण कोणता अर्थ काढायचा, यावर आमच्या मित्रमंडळात एकमत झाले नाही.

शिक्षेबद्दल लोकांना कुतूहल असते. पूर्वी पर्यावरण कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होता. १ एप्रिल २०२४ पासून कैद गेली, त्याऐवजी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड आला. रुग्णालयाने नियम मोडले तर दिवसाला किमान १,२०० रुपये पर्यावरण भरपाई लावण्याचे सूत्रही २०१९ पासून आहे. कैद काढली हे बरे की वाईट, याचा वाद मी वकिलांवर सोडतो. माझा अनुभव असा की आम्ही डॉक्टर शिक्षेच्या आकड्यापेक्षा दारात उभ्या राहिलेल्या तपासनिसाला जास्त घाबरतो.

या बाबतीत जिल्ह्यातच एक दार ठोठावता येते. २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती असते. तिच्यात आरोग्य खाते, प्रदूषण मंडळ, नगरपालिका, डॉक्टरांची संघटना व स्वयंसेवी संस्था यांचे प्रतिनिधी असतात आणि तिने दर सहा महिन्यांनी राज्याला अहवाल पाठवायचा असतो. ग्रामपंचायतीचे पत्र या समितीच्या नावे द्यावे आणि पोहोच घ्यावी.

सातपुड्यातील दुर्गम आरोग्य केंद्रांचा विषय निराळा. धडगाव, अक्कलकुवा भागातील घाटरस्त्यांनी गाडी ४८ तासांत पोहोचेलच असे नाही. जेथे सामायिक सोय पोहोचत नाही अशा ग्रामीण, दुर्गम जागीच खोल पुरण्याच्या खड्ड्याला परवानगी मिळते, तीही मंडळाकडूनच. खड्डा दोन मीटर खोल, अर्धा भरला की वर चुना व माती, तोंडावर जाळी, जवळपास विहीर नको, आणि भूजल खड्ड्याच्या तळापासून निदान सहा मीटर खाली हवे. पिशवीसह प्लॅस्टिक त्यात टाकायचे नाही. आपल्या गावच्या उपकेंद्रामागे असा खड्डा असेल तर जाळी शाबूत आहे का, एवढे जाता-जाता पाहावे. कुत्रे फार हुशार असतात.

घरच्या घरी इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी दोन ओळी. सुई घंटागाडीत सुटी टाकू नका. जाड प्लॅस्टिकच्या रिकाम्या डब्यात, औषधाच्या किंवा फिनेलच्या, टोपण लावून साठवा आणि डबा भरत आला की ज्या दवाखान्यात दाखवता तेथे नेऊन द्या. कोणी घेत नसेल तर माझ्याकडे आणा. कोणाला चुकून सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवावी, दाबू नये, चोखू नये, हळद लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. एच.आय.व्ही. टाळणारी औषधे दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात.

आता पत्रलेखकांच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. कचरा तुमचा आणि शिवार आमचे का? खरे सांगायचे तर माझ्या बारा खाटांपैकी आठ-नऊ खाटांवर तुमच्यासारख्या गावांतीलच माणसे असतात. परवा एक आजी सुनेची वार मागायला आल्या, घरी पुरायची म्हणून. पिवळ्या पिशवीचा नियम त्यांना समजावताना मला घाम फुटला. तरीही तुमचे म्हणणे मला मान्य आहे, की कचऱ्याचा पैसा आणि सोय शहराला आणि धूर खेड्याला, अशी वाटणी व्हायला नको. म्हणून आंधळा विरोध करा असे मी म्हणणार नाही, आणि चार नोकऱ्यांसाठी डोळे मिटून होकार द्या असेही नाही. कारखाना कोठेतरी हवाच. तो नसेल तर पिशव्या पुन्हा माझ्या गल्लीच्या कुंडीत येतील आणि दुसऱ्या कोणा मावशींच्या बोटात सुई जाईल. जागा औद्योगिक क्षेत्रात मिळत असेल तर तेथेच आग्रह धरा. नसेल, तर वर लिहिलेले कागद ग्रामसभेच्या टेबलावर आल्याशिवाय ठराव होकाराचाही करू नका आणि नकाराचाही.

ग्रामसभेची तारीख कळवावी. दुपारी दोननंतर असेल तर ओपीडी आटोपून मी येईन, येताना लाल व पिवळी पिशवी आणि माझे प्राधिकारपत्र घेऊन येतो. त्याची मुदत या वेळी शिल्लक आहे.